"तिकडे युरोपात बघ"

पावसाळा आला की दादा बडोद्याहून घरच्या ग्रुपवर तेच टाकतो: "युरोपात असतं तर विश्वामित्री नदी सहा महिन्यांत सरळ केली असती. आपल्याकडे मगरी मोजत बसतात."

डोकं फिरतं माझं. चौदा वर्षं इटलीतल्या बारीत राहतेय. इथे किनाऱ्यापासून 300 मीटरच्या आत नगरपालिकेला काही बांधायचं तर सोप्रिंतेंदेंत्साचं, म्हणजे वारसा आणि भूदृश्य जपणाऱ्या सरकारी कार्यालयाचं मत घ्यावं लागतं; हा पट्टा 1985 च्या गालास्सो कायद्यापासून संरक्षित आहे. त्यावर 2015 पासून पुलिया या आमच्या प्रांताचा भूदृश्य आराखडा. युरोपीय संघाचा निधी मंजूर असला, ब्रुसेल्सने ऑगस्ट 2026 ची मुदत घातली असली, तरी आधी समुद्राचं ऐकायचं. सहा महिने म्हणे!

आणि नाही ऐकलं तर? बारीच्या किनाऱ्यावर पुंता पेरोत्तीचे इमारतींचे ब्लॉक समुद्राकडे पाठ लावून नव्हे, थेट त्याच्या तोंडावर उभे केले होते. 2006 च्या एप्रिलमध्ये सुरुंग लावून पाडले. आता तिथे बाग आहे, संध्याकाळी मी तिथेच चालते. तिचा फोटो दादाला पाठवला. एक गोष्ट मात्र पाठवली नाही: परवाने खुद्द नगरपालिकेनेच दिले होते आणि बिल्डर निर्दोष सुटूनही जमीन जप्त झाली, म्हणून 2012 मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने इटलीला बिल्डरांना 4 कोटी 90 लाख युरोंची भरपाई द्यायला लावली. सरकारी तिजोरीतून.

माझं म्हणणं तरी तेच. नियम पैसा अडवत नाहीत, तो कुठे ओतायचा नाही ते आधी सांगतात. नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवू द्यायच्या आणि मग तीच नदी रुंद करायला कोट्यवधी काढायचे, हा कुठला हिशोब? मगरीला कळतं पाणी कुठून जाणार ते.

दादा म्हणाला, "तुला बोलायला काय जातं?" खरंच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये धोक्याची पातळी 26 फूट असताना विश्वामित्री 35 च्या वर गेली. आकोट्याच्या घरात आई आणि दादा वरच्या मजल्यावर, खाली आजोबांचा शिसवी झोपाळा पाण्यात. मी फेर्रागोस्तोची, म्हणजे इथली ऑगस्टच्या मध्याची सुट्टी लांबवून पोहत होते. फोन लागला तेव्हा आईने आधी विचारलं, मी जेवले का.

परवा पुन्हा जुंपली. मी तावातावाने लिहिलं, "आमच्याकडे असं चालत नाही."

दादाचं उत्तर लगेच आलं: "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.