गर्दी म्हणजे बाकीचे

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात स्कीइंगला जायचं तुम्ही ठरवलं असेल, तर आधी अभिनंदन. हा विचार फक्त तुम्हालाच सुचलेला आहे. शाळांना सुट्टी आहे, ऑफिस बंद आहे आणि डोंगरावर बर्फ असतो, हे तीन धागे जोडायला लागणारी बुद्धी सगळ्यांकडे थोडीच असते? तिथं पोचल्यावर पार्किंगच्या तिसऱ्या मैदानात, जिथून डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट टाचणीएवढी दिसते अशा कोपऱ्यात गाडी लावताना आजूबाजूला जी हजार-दोन हजार माणसं दिसतील, ती गर्दी. तुम्ही गर्दी नाही. तुम्ही सुट्टीवर आला आहात. हा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

निघण्यापूर्वी रिसॉर्टची सूचना श्रद्धेनं वाचा. ‘आज २४ उतार खुले’ असं लिहिलेलं असेल. २४ म्हणजे काही कमी नाहीत, रोज आठ केले तरी तीन दिवसांची सोय झाली, असा हिशेब करून खूश व्हा. वर गेल्यावर कळेल की माथ्यावरून खाली येणारी वाट एकच आहे. पहिल्या वळणापर्यंत तिचं एक नाव, झाडीत शिरल्यावर दुसरं, झाडीतून बाहेर पडल्यावर तिसरं. उरलेले उतार पायथ्याशी शिकाऊंच्या मैदानात आहेत आणि त्यांची लांबी एका शिंकेत संपते. याला फसवणूक म्हणू नका. एकाच देवाला अनेक नावं असतात, तेव्हा कुठं आपण तक्रार करतो?

ती वाट पांढरी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी गवत आहे, हे पाहून दचकायचं कारण नाही. डिसेंबर संपताना बऱ्याच डोंगरांवर आभाळातून पुरेसं काही पडलेलं नसतं. हा प्रश्न माणसानं १९५० साली सोडवला. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या, बनवणाऱ्या तिघांचा धंदा बर्फाअभावी बसला होता. त्यांनी बागेतला पाइप, रंग फवारायची तोटी आणि हवेचा कॉम्प्रेसर जोडून बर्फ उडवून दाखवला. तेव्हापासून बर्फ पडत नाही म्हणून घरी बसायची सबब उरली नाही. या यंत्रांना थंडी लागते ती मात्र साध्या तापमापकातली नाही, ओल्या फडक्याच्या तापमापकातली: हवा कोरडी असेल तर शून्याच्या आसपासही काम भागतं, दमट असेल तर आणखी दोन-तीन अंश उतरावं लागतं. एवढी थंडी बहुधा रात्रीच मिळते. म्हणून रात्रभर यंत्रं घरघरतात आणि सकाळी रिसॉर्टकडे एक पट्टी तयार असते. जिथं पाइप पोचला तिथं बर्फ, बाकी डोंगर नकाशात.

यंत्राच्या बर्फाला सहा पाकळ्यांची नक्षी नसते, बारीक गोल कण असतात. तो घट्ट बसतो, टिकतो, आणि पहिल्या तासात मखमलीसारखा वागतो. अकरा वाजेपर्यंत स्कीच्या हजारो कडांनी तो खरवडून पट्टीच्या दोन्ही काठांना ढकललेला असतो आणि मध्ये उरतो तो चकचकीत, निळसर, काचेसारखा थर. जाणकार मंडळी गुपचूप काठाकाठानं खरवडीतून उतरतात. तुम्ही मधूनच जा. तिथं रिकामी जागा दिसेल, आणि ती रिकामी का आहे हे तुम्हाला तिसऱ्या सेकंदाला आपोआप समजेल.

पण हे सगळं फार पुढचं झालं. आधी बूट भाड्यानं घ्यायचे आहेत.

हे काम आदल्या संध्याकाळी उरकता येतं असं काही लोक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. सकाळी साडेनऊला सहकुटुंब दुकानात शिरण्यात जी मजा आहे ती संध्याकाळच्या रिकाम्या दुकानात कुठली? काउंटरवर एक फॉर्म मिळतो. त्यात वजन, उंची, वय विचारतात, आणि तुम्ही कसे स्कीअर आहात तेही: सावध, मध्यम की आक्रमक. मागं उभी माणसं ऐकत असतात, त्यामुळे वजनातून आठ किलो सहज गळतात आणि आयुष्यात दोनदा बर्फावर उभा राहिलेला गृहस्थ खणखणीत आवाजात ‘आक्रमक’ म्हणतो. हे आकडे काही शोभेचे नसतात. पडल्यावर बूट स्कीतून किती जोर लागला की सुटावा, ते यावरूनच ठरवून पेचकसानं आवळतात. वजन चोरलं तर स्की भलत्या वेळी सुटते, पराक्रम वाढवला तर सुटायच्या वेळी सुटत नाही आणि गुडघा आत वळतो. पण चारचौघांत खरं वजन सांगण्यापेक्षा गुडघा गेलेला परवडला, असंच बहुतेकांचं मत दिसतं. मी स्वतः पाच किलो चोरले होते. स्की तीन वेळा सुटली, तिन्ही वेळा रांगेत उभा असताना.

आता फाटक. पास कोटाच्या खिशात असला की फाटक तो आपोआप ओळखतं, म्हणून तो नेमका मोबाइलच्या खिशातच ठेवा, म्हणजे ओळखणार नाही. मग तुमचा खरा नाच सुरू होतो. आधी डावी कंबर यंत्राला घासायची. मग उजवी. मग छाती. मग हातमोजे दातात धरून खिशातून चष्म्याचं फडकं, ओठांचं मलम, कालची पावती आणि एक चुरगळलेला नकाशा बाहेर काढायचा. मागचे साठ लोक आता तुमच्या कुटुंबातलेच झालेले असतात. ‘आतल्या खिशात बघा,’ कुणीतरी मायेनं सांगतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अशाच कुठल्यातरी फाटकासमोर सुचली असावी.

फाटकापलीकडे रांग आहे. तिला रांग म्हणायचं ते सवयीनं. प्रत्यक्षात ते नरसाळं असतं. वरच्या बाजूला पन्नास माणसं रुंद, खालच्या तोंडाशी सहा. इथं पायात पावणेदोन मीटरच्या दोन फळ्या घालून मुंगीच्या पावलांनी सरकायचं असतं. फळ्या दुसऱ्यांच्याही पायांत आहेत, म्हणून पुढच्याच्या स्कीवर उभं राहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि तुमच्या स्कीवर मागचा उभा असल्याशिवाय तुम्हाला एकटं वाटल्यावाचून राहत नाही. शेजारच्या बाजूला एकट्या माणसांची वेगळी रांग असते. खुर्चीत एखादी जागा उरली की तिथून एकेकाला बोलावतात, त्यामुळे ती तिप्पट वेगानं पळते. तिकडे बघूसुद्धा नका. पाच मिनिटांसाठी कुटुंब फोडायचं म्हणजे काय? चाळीस मिनिटं एकत्र उभं राहून कुणामुळे उशीर झाला यावर चर्चा करणं, यालाच कौटुंबिक सुट्टी म्हणतात. इथं एकमेकांना सांगायचा सल्लाही ठरलेला आहे: डोक्यावर बर्फ ठेवा. जगात ही एकच जागा असावी जिथं तो शब्दशः पाळता येतो.

रांगेत वेळ भरपूर मिळतो, म्हणून थोडा हिशेब करू. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी येते. म्हणजे तासाला ६०० खुर्च्या, २४०० माणसं, मिनिटाला ४०. आता कुणीतरी म्हणणार, जुनी संथ लिफ्ट काढून नवी वेगवान बसवा म्हणजे रांग संपेल. रिसॉर्ट लगेच ऐकतं. नवी लिफ्ट दुप्पट वेगानं पळते, पण माणसांना बसायला वेळ तेवढाच लागतो, त्यामुळे खुर्च्याही दुप्पट अंतरावर टांगाव्या लागतात. तासाला माणसं पुन्हा २४००च. फरक इतकाच की पूर्वी वर जायला आठ मिनिटं लागायची तेव्हा ३२० माणसं निवांत हवेत लटकलेली असत. आता चार मिनिटांत पोचतात, म्हणून हवेत फक्त १६०. उरलेली १६० कुठं गेली? तुमच्या पुढं उभी आहेत. आणि खुर्ची चारांऐवजी सहांची केली तर रांग खरंच घटते, कारण तीच माणसं आता मिनिटाला ४०च्या ऐवजी ६० या दरानं त्या एका पट्टीवर ओतली जातात. गर्दी संपवता येत नाही, ती फक्त रांगेतून उतारावर किंवा उतारावरून रांगेत हलवता येते. मालकाला हे ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक करून घ्यायची काही गरज नाही, उगाच चेहरा पडतो.

खुर्चीत बसताना इतिहास आठवला तर बरं वाटतं. पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या सन व्हॅलीत चालू झाली. ती योजणारा जेम्स करन हा रेल्वे कंपनीचा इंजिनिअर होता, आणि त्यानं आधी केळ्यांचे घड आकड्यांना अडकवून जहाजात चढवायचं यंत्र पाहिलं होतं. घडाच्या जागी माणूस, आकड्याच्या जागी खुर्ची, एवढाच बदल. तेव्हा खुर्ची पोटरीला मागून लागते आणि आपण अडकवले जातो, त्या क्षणी जे काही वाटतं ते चुकीचं नाही. मूळ कल्पनेशी ते प्रामाणिकच आहे.

वर पोचलात. आता उतार, सुमारे तीन मिनिटांचा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं १९६७ साली केलेले दहा नियम आहेत आणि सुट्टीत ते एकाच फेरीत सगळे पाहायला मिळतात. पुढच्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्यानं सांभाळून यायचं, हा त्यातला गाभा. त्यामुळे मागून येणारा तुम्हाला लांबून ओरडून सावध करतो आणि त्याची जबाबदारी तिथंच संपते असं समजतो. अरुंद किंवा आडोशाच्या जागी थांबू नये, असाही नियम आहे. म्हणून फोटोसाठी बरोबर अशीच जागा निवडा: चढाच्या लगेच पलीकडे, जिथं वरून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. आठ जणांनी आडवं उभं राहिलं की फ्रेम भरते. माझा सगळ्यात लाडका मात्र दहावा नियम आहे, ज्यात अपघात झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांना आपापली नावं सांगायची असतात. एरवी चाळीस मिनिटं खेटून उभं राहूनही कुणी कुणाशी ओळख करून घेत नाही.

जेवायला बारा वाजताच जा. अकराला किंवा दोनला जाणारे लोक असतात. ते रिकाम्या टेबलांशी बसून एकटेच जेवतात बिचारे. बाराला प्रत्येक टेबलावर जेवणारे चार आणि हातमोजे आठ. हातमोजे जागा धरून बसलेले असतात, आणि त्यांचे मालक अजून डोंगरावर आहेत. तुम्ही वाफाळत्या सुपाचा ट्रे घेऊन, प्लास्टिकच्या ताठ बुटांत टाच आधी टेकवत, ओल्या फरशीवरून फेऱ्या मारा. दिवसातलं सगळ्यात अवघड स्कीइंग ते हेच.

काही आगाऊ माणसं तुम्हाला गर्दी टाळायच्या युक्त्या सांगतील. पहिली लिफ्ट सुटायच्या आधी तिथं उभं राहा, दीड तासात दिवसभराच्या फेऱ्या होतात. एक जानेवारीला सकाळी जा, अर्धं रिसॉर्ट झोपलेलं असतं. आल्प्समध्ये असाल तर शनिवारी करा. त्या दिवशी जुने पाहुणे खोल्या सोडतात आणि नवे यायचे असतात, सगळी गर्दी डोंगराऐवजी रस्त्यावर. पायथ्याची लिफ्ट सोडून मधल्या टप्प्यावरच्याच लिफ्टवर फिरत राहा. दुर्दैवानं या सगळ्या युक्त्या खऱ्या आहेत. म्हणून अळीमिळी गुपचिळी. त्या सगळ्यांना कळल्या तर आपण जायचं कुठं? गर्दी विखरायचा उपाय फ्रान्सनं देशभर करून पाहिला आहे. शाळांचे तीन विभाग पाडले, फेब्रुवारीच्या सुमाराच्या हिवाळी सुट्ट्या पुढंमागं केल्या, दोन आठवड्यांची सुट्टी चार आठवड्यांवर पसरली. आणि मधल्या काळात ब्रिटन, बेल्जियम, नेदरलँड्समधल्या शाळांनाही सुट्टी लागली. रिकामी केलेली जागा भरायला शेजारी धावून येतात ते असे.

संध्याकाळी चार वाजता लिफ्ट बंद व्हायच्या जरा आधी एक शेवटची फेरी घ्याच. पाय थरथरत असतात, उजेड सपाट होतो, खड्डा आणि उंचवटा एकाच रंगाचे दिसतात आणि अख्खा डोंगर त्याच पट्टीवरून घरी निघालेला असतो. याहून योग्य वेळ नाही. मीही घेतली होती. सहा जणांच्या खुर्चीत सहावी जागा भरली ती सकाळपासून माझ्या स्कीवर उभ्या असलेल्या गृहस्थानं. त्याच्या स्कीवरचे ओरखडे माझे, माझ्यावरचे त्याचे. तिसऱ्या खांबाशी कुणीतरी खाली पडलं असावं, लिफ्ट थांबली. आम्ही लटकत राहिलो. खाली रांग दिसत होती, पार फाटकाच्या बाहेर गेलेली.

“काय माणसं आहेत हो,” तो खाली बघत म्हणाला. “यांना सुट्टीत घरी बसवत नाही का?”

मी मान हलवली. “आपण पुढच्या वर्षीचं लवकर बुक करून टाकू,” मी म्हणालो, “नंतर मिळत नाही.”