'टच'मधला काझुया टीआरपीसाठी मेला नाही

'टच' या जपानी मांगा (म्हणजे चित्रकथा) मालिकेविषयीचा एक मराठी मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: तिचे कर्ते मित्सुरु अदाची हे मुलींच्या मासिकांत चित्रे काढणारे, बेसबॉलचा गंधही नसलेले गृहस्थ होते, 'शोनेन जंप' या साप्ताहिकाने त्यांच्याकडून जगातली पहिली क्रीडा-प्रेमकथा काढून घेतली, टीव्हीवरच्या मालिकेचे प्रेक्षक घटू लागले तेव्हा संपादकांनी त्यांना काझुया या लाडक्या पात्राला मारायला लावले, त्यामुळे वाचक बिथरले आणि मालिका अर्धवट गुंडाळावी लागली, पुढे पश्चात्ताप होऊन अदाचींनी 'मिक्स' या नंतरच्या मालिकेत नायक-नायिकेच्या मुलांची गोष्ट सांगितली. माझ्या भाचीने हे सारे कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लिहिलेल्या लेखात जसेच्या तसे उतरवून मुद्रितशोधनासाठी माझ्याकडे पाठवले, म्हणून हा खटाटोप करावा लागतो आहे.

'जंप'चा मुद्दा आधी निकालात काढू. 'टच' प्रसिद्ध झाली ती 'शोनेन संडे' या साप्ताहिकात, १९८१ ते १९८६ या काळात, आणि तिचे प्रकाशक शोगाकुकान. 'जंप' हे शुएइशाचे, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याचे साप्ताहिक. मालिकेच्या कुठल्याही खंडाचे मुखपृष्ठ पाहिले असते तरी ही चूक टळली असती. 'पहिली क्रीडा-प्रेमकथा' हेही तितकेच पोकळ आहे. सुमिका यामामोतो यांची टेनिसवरची 'एस ओ नेराए' १९७३ सालीच 'मार्गारेट' या नियतकालिकात सुरू झाली होती, आणि खुद्द अदाचींनी 'टच'च्या आधी 'नाइन'मध्ये बेसबॉल आणि प्रेम यांची सांगड घातलेली होती.

मुलींच्या मासिकांविषयीचे विधान मात्र अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. १९७०च्या दशकाचा बराच काळ अदाची 'शोजो कॉमिक'साठी काम करत होते, आणि नजरेतून, अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून, रिकाम्या आकाशाच्या चौकटींतून मनातले सांगण्याची त्यांची रीत तिथल्या तालमीचे ऋण मिरवते. पण त्यावरून त्यांना बेसबॉल कळत नव्हता हा निष्कर्ष कुठून आला? मुलींच्या मासिकासाठी त्यांनी त्याच काळात चित्रित केलेल्या एका मालिकेचे नावच 'नाकीमुशी कोशिएन' होते, आणि कोशिएन म्हणजे जपानमधल्या शालेय बेसबॉलची पंढरी.

आता मूळ दुखण्याकडे वळू. उएसुगी कुटुंबातली तात्सुया आणि काझुया ही जुळी भावंडे आणि शेजारची मिनामी असाकुरा लहानपणापासून एकत्र वाढलेली. धाकटा काझुया कष्टाळू, शाळेच्या बेसबॉल संघाचा आघाडीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. थोरला तात्सुया आळशी, पण अंगात उपजत गुण असलेला. मिनामीला कोशिएनला नेण्याचे वचन काझुया पाळणार अशी चिन्हे असतानाच, पात्रता-स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या सकाळी, एका मुलाला वाहनाखालून वाचवताना तो मरतो. हा प्रसंग सव्वीस खंडांच्या मालिकेत सातव्या खंडात येतो. १९८१ साली सुरू झालेले साप्ताहिक लेखन पाच वर्षांत सव्वीस खंड भरते, म्हणजे वर्षाला साधारण पाच. या हिशेबाने सातवा खंड पहिल्या दीड-दोन वर्षांतला ठरतो. गिसाबुरो सुगिई यांच्या दिग्दर्शनाखालची टीव्ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली ती मार्च १९८५मध्ये. जी मालिका अजून जन्मालाच आली नव्हती, तिचे प्रेक्षक घटले म्हणून काझुयाचा बळी कसा दिला गेला, हे हा मजकूर रचणाऱ्याने एकदा समजावून सांगावे. पुढे ती १०१ भाग चालली आणि तिचा प्रेक्षकवर्ग तीस टक्क्यांच्या वर गेल्याची नोंद आहे, हे आणखी वेगळेच. आपल्याकडे टीआरपी घसरला की पात्राला अपघात होतो किंवा त्याची स्मृती जाते. तोच नियम टोकियोला लावून कुणीतरी ही कथा बसल्या जागी रचलेली दिसते.

संपादकांविषयीचा आरोप तर सत्याच्या नेमका उलट आहे. काझुया जाणार हे आपण आरंभीच ठरवले होते आणि विरोध संपादकांचाच होता, असे अदाचींनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेले आहे. मालिकेचे नावही त्याच योजनेचा भाग आहे: ते 'बॅटन टच'वरून आले, म्हणजे रिले शर्यतीत एकाने दुसऱ्याच्या हाती दांडी देणे. धाकट्याने उचललेले ओझे थोरल्याच्या खांद्यावर येणार, हे शीर्षकातच लिहिलेले होते. शिवाय 'मियुकी' आणि 'टच' या दोन मालिकांसाठी अदाचींना १९८२ सालचा शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. अशा भरात असलेल्या मालिकेला वाचवण्यासाठी मृत्यूची गरज कुणाला होती?

या भाकडकथेचा मला राग येतो तो एवढ्यासाठी की ती त्या प्रसंगाची कारागिरीच पुसून टाकते. अदाची तिथे गाडीची धडक रंगवत नाहीत. मैदानावर संघ आपल्या पिचरची वाट पाहतो आहे, प्रेक्षक जमले आहेत, आणि वाचकाला काही तरी बिनसल्याची शंका हळूहळू येत जाते. मग शवागारात तात्सुया मिनामीला दोन-तीन तुटक वाक्यांत सांगतो, जणू स्वतःलाच पटवतो आहे. ज्याला सनसनाटी करायची असते, तो हात इतका आखडता घेत नाही.

मालिका अर्धवट सोडल्याचा समज कशातून झाला असावा, हे समजू शकते. तात्सुया संघाला कोशिएनपर्यंत नेतो, पण तिथले सामने अदाची दाखवतच नाहीत; अजिंक्यपदाची खूण असलेली एक थाळी शेवटी दिसते, बस्स. सव्वीस खंड ज्या स्पर्धेची वाट पाहिली तीच गाळल्यामुळे काही वाचक खट्टू झाले असतील, तर त्यात नवल नाही. पण गोष्ट कोशिएन जिंकण्याची नव्हतीच. काझुयाच्या सावलीतून बाहेर पडून तात्सुयाने मिनामीसमोर स्वतःच्या नावाने उभे राहण्याची होती, आणि ती तिथे पुरी होते. वाचक बिथरून ती बंद पडायची असती, तर काझुयाच्या मृत्यूनंतर आणखी एकोणीस खंड निघाले नसते.

राहता राहिले 'मिक्स'. शोगाकुकानच्याच 'गेस्सान' मासिकात २०१२ साली सुरू झालेली ही मालिका तात्सुया-काझुयाच्याच मेइसेइ शाळेत, 'टच'नंतर कित्येक वर्षांनी घडते, एवढे खरे. तिचे नायक तोमा आणि सोइचिरो ताचिबाना हे एकाच दिवशी जन्मलेले सावत्र भाऊ आहेत. त्यांचा तात्सुया किंवा मिनामीशी काहीही नातेसंबंध नाही. भाचीला तो परिच्छेद काढून टाकायला सांगितला आहे, आणि काझुयाचाही.