‘एंजल आइज’मधील अनोळखी माणूस देवदूत नाही

फोंड्यात आम्हा काही सिनेरसिकांमध्ये गेल्या आठवड्यापासून एक संदेश फिरत आहे, की २००१ सालच्या ‘एंजल आइज’ या चित्रपटात शिकागोची पोलीस अधिकारी शॅरन ज्याच्या प्रेमात पडते तो कॅच हा अपघातात मेलेला माणूस असून तिच्या रक्षणासाठी देवदूत होऊन परततो. हे चुकीचे आहे. लुईस मँडोकी दिग्दर्शित हा चित्रपट निखळ प्रेमकथा आहे आणि जिम कॅव्हिझेलने साकारलेला कॅच हाडामांसाचा माणूस आहे. (पुढे रहस्य उघड होते, याची नोंद घ्यावी.) अपघातात त्याची पत्नी आणि मुलगा दगावले, तो मात्र वाचला. पहिल्याच दृश्यात कॅमेरा त्या जखमीच्या नजरेने पाहतो, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसते ती त्याचा हात घट्ट धरून त्याला शुद्धीवर राहण्यासाठी विनवणारी शॅरन, म्हणजे जेनिफर लोपेझ. गैरसमजाचे मूळ शीर्षकात आहेच, पण जाहिरातीही गूढपटासारख्याच केल्या होत्या, त्यामुळे संदेश लिहिणाऱ्याला फार दोष देता येत नाही. तरी शेवटपर्यंत पाहिला असता, तर हा घोळ झाला नसता.