पाचव्या महिन्याची सोनोग्राफी टाळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गरोदर बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: ‘सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाला इजा होते. घराण्यात कुणाला व्यंग नसेल आणि बाळ छान हालत असेल, तर पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कशाला? छातीत-पोटात दोष निघाला तर डॉक्टर पाडायलाच सांगतात. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही व्यंग असलेली बाळं जन्मतातच.’ माझा दिवस सोनोग्राफीच्या खोलीत जातो. हा मेसेज वाचून तपासणी चुकवलेल्या बायका आठव्या महिन्यात समोर येतात, तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून हे उत्तर.

किरणांचं आधी. किरण एक्स-रेत असतात, सीटी स्कॅनमध्ये असतात. सोनोग्राफीत असतो तो आवाज, आपल्या कानाला ऐकू न येणारा. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे तंत्र वापरात आहे. या लहरींनी पेशी किंचित तापू शकतात, हे खरं. म्हणूनच मशिनच्या स्क्रीनवर त्याचा आकडा सतत दिसत असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघण्याची पद्धत, गरजेपुरताच वापरतात.

आता घराणं आणि हालचाल. छाती-पोटाची व्यंगं असलेल्या बहुतेक बाळांच्या घरात तसं कुणालाच झालेलं नसतं. आणि हालचालीवरून तर अशा व्यंगांचं काहीच कळत नाही. पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागत नाही. त्यामुळे फुप्फुसं दबलेलं बाळही मजेत लाथा मारतं, त्याचं वजनही वाढतं. अडचण सुरू होते ती नाळ कापल्यावर. ‘तिसऱ्या महिन्यात केली होती की’ असंही बायका सांगतात. पण साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत बाळाची आतडी नाळेच्या मुळाशी बाहेर असणं नैसर्गिकच असतं, आणि अवयव इतके लहान असतात की बरंच काही नीट दिसत नाही. १८ ते २० आठवडे ही वेळ ठरली ती त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला २४ आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी करायला सांगितलं आहे.

सगळ्यात घातक वाक्य आहे ते ‘पाडायलाच सांगतात’ हे.

बाळाच्या छातीचा आडवा छेद स्क्रीनवर घेतला की हृदयाचे चार कप्पे धडधडताना दिसतात. जठर त्याच्या खाली, पोटात असतं. बाळानं गिळलेल्या गर्भजलामुळे ते काळ्या गोलासारखं दिसतं. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट वेगळं करणाऱ्या स्नायूच्या पडद्याला, भोक असेल तर तो काळा गोल हृदयाच्या शेजारी येऊन बसतो आणि हृदय उजवीकडे सरकतं. सुमारे तीन हजारांत एका बाळाला हे होतं, बहुतेकदा डाव्या बाजूला. असं बाळ नकळत जन्मलं आणि निळं पडलं, तर तिथले डॉक्टर साहजिकच तोंडावर मास्क धरून हवा देतात. ती हवा छातीत चढलेल्या जठरात आणि आतड्यांत शिरते, ती फुगतात, आणि आधीच लहान असलेली फुप्फुसं आणखी दबतात. तेच आधी माहीत असेल तर मास्क टाळून थेट श्वासनलिकेत नळी घालतात, जठरातली हवा दुसऱ्या नळीने काढतात, व्हेंटिलेटर तयार असतो. परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. अशा ठिकाणी बाळंतपण ठरवता येणं, हा या तपासणीचा फायदा. अगदी गंभीर बाळांसाठी पोटातच श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवण्याचा उपचारही आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या गंभीर दोषात फुगा ठेवलेली ४० टक्के बाळं जगून घरी गेली, न ठेवलेली १५ टक्के. मुदतीआधी बाळंत होण्याचा धोका त्यात वाढतो, तोही सांगूनच निर्णय घेतात.

पोटाची भिंत उघडी राहून आतडी बाहेर आली, तर ती बेंबीच्या उजव्या बाजूने, आवरणाशिवाय गर्भजलात तरंगताना दिसतात. हे बघून आईला रडू कोसळतं. पण बहुधा या बाळात दुसरं काही बिघडलेलं नसतं, आणि नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेची चांगली सोय आहे तिथे दहातली नऊ बाळं जगतात. जन्मताच आतडी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत झाकायची, बाळ ऊबदार ठेवायचं, सर्जन जवळ हवा. एवढ्यासाठी सिझेरियनही लागत नाही. आतडी नाळेतूनच, आवरणासकट बाहेर असतील तर गोष्ट वेगळी: तिथे हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोष शोधावे लागतात. हा फरक सोनोग्राफीतच कळतो. फुप्फुसातल्या काही गाठी शेवटच्या महिन्यांत लहान होतात. मूत्रपिंडाला आलेली थोडीशी सूज बहुतेक बाळांत आपोआप ओसरते.

गर्भपाताचा विषय काही दोषांत निघतो, हे मी लपवणार नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपुढे गंभीर व्यंग असेल तर ते वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि सज्ञान बाईच्या संमतीशिवाय कुणालाच काही करता येत नाही. लोकांच्या मनातल्या संशयाला मात्र कारण आहे. या मशिनने आपल्या राज्यात मुली मारल्या. १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करूनही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. तो गुन्हा करणाऱ्यांना तुरुंगातच जायला हवं. पण त्याची शिक्षा श्वासपटलाला भोक असलेल्या बाळाने का भोगायची?

मेसेजचं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. सगळं दिसत नाही. ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमाने स्वतःसाठी ठेवलेली अपेक्षाच बघा: उघड्या आतड्यांचा दोष ९८ टक्के बाळांत सापडावा, आवरणासकट बाहेर आलेली आतडी ८० टक्के, श्वासपटलाचं भोक ६० टक्के. बंद गुदद्वार बहुधा दिसतच नाही. अन्ननलिका मध्येच तुटलेली असली तरी खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असेल तर जठर भरतं आणि सगळं ठीक वाटतं. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अडथळा पाचव्या महिन्यात सहसा कळत नाही. पोटात एकाऐवजी दोन काळे गोल दिसतात ते सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, गर्भजल वाढायला लागल्यावर. म्हणून गर्भजल जास्त आहे असं कळलं तर पुन्हा नीट तपासून घ्या. आणि रिपोर्टमध्ये ‘जठर दिसलं नाही’ किंवा ‘बाळाची स्थिती नीट नव्हती’ असं लिहून दोन आठवड्यांनी बोलावलं असेल, तर ती फेरी चुकवू नका. दुसऱ्यांदा बघायचं असतं ते नेमकं तेच, जे पहिल्यांदा दिसलेलं नसतं.