गाजरगवताची ॲलर्जी असेल तर?

'इकिनेशिया वनस्पतीच आहे, कोणीही रोज निर्धास्त घ्यावी' हे तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. इकिनेशिया म्हणजे सर्दीसाठी, प्रतिकारशक्तीसाठी म्हणून गोळ्यांतून विकली जाणारी वनस्पती. ही वनस्पती सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली, आणि गाजरगवतही त्याच कुळातलं, म्हणून एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही होऊ शकते. आमच्या नागपुरात मानेवाडा-बेसाकडे पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांवर ते कमरेएवढं माजतं. माझ्या बहिणीच्या मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला तेव्हा लाल चट्टे उठतात. खाजवून खाजवून कातडी जाड झाली आहे. सीताबर्डीत तिने इकिनेशियाच्या गोळ्या मागितल्या, तर दुकानदार म्हणाला, 'इम्युनिटी वाढते, ताई, घ्या.' ॲलर्जीचं विचारलंच नाही. इशारा बाटलीवर होता म्हणा, पण भिंगाशिवाय दिसेल तर शपथ!

आणि 'रोज' कशासाठी? युरोपच्या औषध नियामकांनी सर्दीसाठी जांभळ्या इकिनेशियाचं औषध १० दिवसांपलीकडे घेऊ नये असं सांगितलंय. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१४च्या आढाव्यातही सर्दी बरी होण्यात ठोस फायदा दिसला नाही. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हातच लावू नये. लेखात एवढी एक ओळ तरी टाका.