उचल, खाडा आणि आमचा ऊस

परवा रात्री पुण्याहून येताना मोहोळच्या पुढं अर्धा तास अडकलो. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, टेप मात्र फुल्ल आवाजात. गाडीतले सगळे शिव्या घालत होते, मी पण घातल्या, खोटं कशाला बोलू. नंतर सावळेश्वरच्या टोलनाक्यापाशी शेजारी एक रिकामी ट्रॉली उभी होती, आत पाचटावर एक बाई झोपलेली, कुशीत पोरगं, उशाला पातेली आणि पोत्यात गुंडाळलेले कोयते. रात्रीचे अकरा वाजलेले, थंडी मरणाची. ऊसतोड मजूर, एका फडावरनं दुसऱ्या फडावर चालले असणार. आमच्यातला एकजण म्हणाला, "काय बे हे लोक, कसं काय जगत असतील." मग नाका ओलांडला आणि विषय हुरड्याकडं गेला.

मला मात्र घरी येऊन झोप लागली नाही, कारण हे लोक कसं जगतात ते मला माहितीये. आमचा स्वतःचा ऊस आहे, पंढरपूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात आहेत याचा आपल्याला केवढा अभिमान, त्यामुळं हे आपल्याच घरचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

मी बारावीला होतो तेव्हाची गोष्ट. गड्ड्याच्या यात्रेला शहरात न थांबता गावी गेलेलो, अभ्यास करायचा म्हणून. आमच्या रानात बीडकडची टोळी उतरलेली, कॅनॉलच्या कडेला दहाबारा कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या. एक दिवस त्यातली एक बाई शंभर पानी वही घेऊन आली, पदराखाली लपवून. म्हणाली, "बारके मालक, येवढं वाचून सांगा की." मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची वही. मुकादम जेवायला गेल्यावर तिच्या नवऱ्यानं हळूच काढून दिलेली. एका पानावर त्यांच्या कोयत्याचा हिशोब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, माणसं मोजायची ती अवजाराच्या नावानं, एकटा असला की अर्धा कोयता. वर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे लिहिलेले, खाली बाजार, दवाखाना, परत बाजार, आणि खाडा, खाडा, खाडा, खाडा. नवरा चार दिवस तापानं पडलेला. त्या चार दिवसात ही बाई दुसऱ्यांच्या मोळ्या बांधत होती, पण जोडी मोडली म्हणून खाडा दोघांचा. म्हणजे कामावर न आल्याचा दंड. मजुरी बुडाली ती वेगळीच.

मी बेरीज करून बाकीचा आकडा सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, होळीपर्यंतचे आठवडे असावेत, आणि एवढंच म्हणाली, "मंजी पुढल्या साली बी यावंच लागतंय."

आठवड्याभरात तिची सासू वारल्याचा निरोप आला. नवरा मुकादमाकडं गेला, आम्हाला दोघांना जाऊ द्या, तिसऱ्या दिवशी माघारी येतो. मुकादम म्हणाला, "तू ये जाऊन. बाई अन् पोरगं इथंच राहू दे." आबा बाजेवर चहा पीत बसलेले. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट मुकादम समजूतदार आहे असंच वाटलं, कारण एक तरी माणूस तो सोडत होता आणि आमचा ऊस तुटायचा थांबत नव्हता. मला पण तेव्हा काही वाटलं नाही, मी तिथंच बसून फिजिक्सची गणितं सोडवत होतो. माणूस परत यावा म्हणून त्याची बायको आणि लेकरू ठेवून घेतलं, ह्याला काय म्हणतात हे कळायला मला पुढं पंधरा वर्षं लागली.

आता कुणीतरी म्हणेल जुनी गोष्ट आहे, आता रेट वाढलेत. वाढलेत की. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, 273 रुपयांवरनं टनाला 366 झाले. आता जरा कागद घेऊन बसू. चांगला चालणारा कोयता दिवसाला दीडदोन टन तोडतो, पावणेदोन धरा. 640 रुपये, दोघांचे मिळून, पहाटे चारला उठून रात्री गाडी भरेपर्यंत. दीडशे दिवस एकही सुट्टी नाही, आजारपण नाही, पाऊस नाही असं धरलं तरी 96 हजार होतात. आणि उचल आता सहज लाखाच्या घरात असते. म्हणजे दवाखाना नाही, किराणा नाही, एक खाडा नाही, तरी सुद्धा हिशोब फिटत नाही! खाडा दिवसाला पाचशे, कुठं कुठं त्याहून जास्त. थोडे पैसे वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून सुटतात तेवढेच, बाकी वही सगळी लाल.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, आठवत असेल. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. खाजगी डॉक्टरांची कमाई हा भाग होताच, पण पाळीच्या दिवसात खाडा पडू नये, दुखणं घेऊन फडात उभं राहता यावं, हा हिशोब पण त्यात होता. वही माणसाच्या पोटापर्यंत पोचते ती अशी.

आणि कायदा नाही असं नाही हं. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे, घटनेचं कलम 23 तर त्याच्या आधीपासून. कायद्यात कुठंही साखळदंड पाहिजेच असं लिहिलेलं नाही. उचल घेतली आणि त्यापायी दुसरीकडं काम करायची मुभा गेली, किंवा कुठं जायची यायची मुभा गेली, किंवा किमान वेतन मिळेना, यातलं एक जरी असलं तरी ती वेठबिगारी. 1982 ला एशियाडच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, कारण भूक ही पण सक्तीच आहे. माणूस वेठबिगार ठरला की त्याचं कर्ज कायद्यानं तिथंच संपतं. हे सगळं बघायचं काम कलेक्टरचं. पण आधी कुणीतरी "हे वेठबिगार आहेत" असं कागदावर लिहायला पाहिजे ना, आणि तिथंच घोडं अडतं. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी पण उचलच घेतलीय. परराज्यातल्या मजुरांसाठी 1979 चा वेगळा कायदा होता, 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला, पण बीडचा माणूस सोलापुरात आला की तो परराज्यातला नसतो, त्यामुळं तो पण लागू नाही. बसा बोंबलत.

साखळदंड पण बघायचे असतील तर लांब जायला नको. जून 2023, शेजारचा धाराशिव जिल्हा. विहिरी खोदायला आणलेले 11 मजूर ढोकी पोलिसांनी सोडवले. बारा बारा तास काम, एक वेळचं जेवण, आणि रात्री पळून जाऊ नये म्हणून साखळीनं बांधून ठेवलेले. एकजण निसटला म्हणून बाहेर कळलं. आपण सोलापूरकरांनी तेव्हा एक दिवस स्टेटस ठेवले. मी पण ठेवला होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 सालचा अंदाज आहे, जगात जवळपास 5 कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत, त्यात सक्तीची लग्नं पण धरलीत. दीडशे माणसांमागं एक. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरोबर दीडशेच्या आसपास मेंबर आहेत, पण त्यातला कुणी नाही, म्हणजे आमच्या वाटणीचा तो एक दुसरीकडं कुठंतरी बसलाय, बहुतेक टोलनाक्यावरच्या ट्रॉलीत.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर गाववाले मला सोडणार नाहीत. मुकादम आणि टोळ्या उचल घेऊन वाहनमालकांना बुडवतात हे शंभर टक्के खरंय. माझ्या चुलतभावाचे नऊ लाख गेले, टोळी आलीच नाही, ट्रॅक्टरचे हप्ते अंगावर, भावजयीचे दागिने मोडले. त्याच्यापुढं मी वेठबिगारीचं भाषण दिलं तर तो मला चपलेनं हाणेल आणि त्याचं काही चूक नाही. पण गंमत बघा, नऊ लाख मुकादमानं खाल्ले आणि भाऊ पोरं घेऊन निघाला कुणाला धरायला, तर कोप्यातल्या एका म्हाताऱ्याला, ज्याच्या नावावर सगळं मिळून तीसचाळीस हजार उचल. जो हाताला लागतो त्याला धरायचं. कारखान्याच्या गेटवर जाऊन कुणी कॉलर धरत नाही.

आणि "गरीबी आहे, त्याला काय करणार" हे तर मला पटतच नाही. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या बायका काय श्रीमंत आहेत का? घरी पानं भिजवून, कात्रीनं कापून, दिवसभर मांडी मोडेपर्यंत हजार विड्या, आणि कारखान्यात गेलं की छाट काढून त्यातल्या मूठभर बाजूला फेकणार. पण ती बाई छाटावरनं भांडते, लाल बावटा घेऊन कलेक्टर ऑफिसवर जाते, तिचा पीएफ आहे, तिनं कुंभारीला घर मिळवलं. आधी 10 हजार घरं, मग रे नगर 30 हजारांचं, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 ला ताब्यात पण मिळाली. ती गरीब आहे पण कारखाना सोडून दुसरीकडं जाऊ शकते. कोप्यातल्या बाईला सासूच्या मातीला जाता आलं नाही. ह्या दोघींना एकाच "गरीब" शब्दात कोंबू नका एवढंच माझं म्हणणंय.

आणि हजेरीवर माणूस बांधणं सोलापूरला नवीन पण नाही. इथली सेटलमेंट वस्ती म्हटलं की रिक्षावाला पत्ता न विचारता नेतो, पण ती तारेच्या कुंपणाआड होती, आतल्या माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवून हजेरी घेत होते, 1871 चा तो गुन्हेगार जमाती कायदा देश स्वतंत्र झाल्यावर 5 वर्षं 16 दिवसांनी रद्द झाला, हे आमच्या किती पोरांना माहितीये?

तर आता यंदाचं. यंदा आमच्या उसाची तारीख आली तेव्हा मी रजा टाकून गावी गेलो. मुकादमाला म्हटलं, माझ्या रानात टोळी उतरवायची तर वहीचं पान प्रत्येक कोयत्याला वाचून दाखवायचं, आणि आजारपणाचा खाडा लावायचा नाही, त्याचे पैसे मी देतो. लय काही मागितलं नाही. मुकादम हसला. चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, तो पण हसला. वाहनमालक म्हणाला, "साहेब, तुम्ही सोलापूरला राहता, तुम्हाला कसं कळंना, एका फडात असं केलं की सगळे मागत्यात." टोळी शेजारच्या फडात उतरली.

धाकटा भाऊ चार दिवस झाले बोलत नाही. उसाला तुरा आलाय, वजन घटू लालंय, आणि चिटबॉयला फोन लावला की तो म्हणतो, बघू, पुढच्या आठवड्यात.