डांबरगोळ्यांनी माळ्यावरचे उंदीर जात नाहीत

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, सांगणं तेच. बिळं बुजवा, माळ्यावर डांबरगोळ्या ठेवा, पिठात सिमेंट कालवून गोळे टाका किंवा औषध ठेवा. औषध खाल्लेला उंदीर तहानेने बाहेर जाऊन मरतो. मग माळा झाडून घ्या, तीन दिवसांत घर मोकळं. कौलारू घरात हे सगळं तंतोतंत करूनही वाशांवरची धावपळ थांबत नाही. शिवाय यातल्या काही गोष्टी घरातल्या माणसांच्याच जिवावर बेततात.

पहिला मुद्दा बिळांचा. अंगणात, जोत्यालगत मोठी बिळं पाडून माती उकरते ती घूस. माळ्यावरचा उंदीर वेगळा. तो चढणारा आहे. घरटं करतो ते आढ्याशी, नारळाच्या शेंड्यात किंवा माळ्यावरच्या पोत्यांमागे. जोत्याची बिळं बुजवल्याने त्याचं काहीच अडत नाही. ओळखायचा कसा? शेपूट डोकं-धडापेक्षा लांब, कान मोठे आणि पातळ, अंग सडपातळ. रंगावर जाऊ नका, तो काळा असतो तसा तपकिरीही असतो. लेंडी साधारण १२ मिलीमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. घरातल्या छोट्या उंदराची तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ मिलीमीटर. वाशाच्या ज्या बाजूने रोजची ये-जा असते तिथे काळपट, तेलकट पट्टा उमटतो.

इथे दोन घोटाळे हमखास होतात. कौलांखाली वटवाघळं असतील तर त्यांची विष्ठा उंदराच्या लेंड्यांसारखीच दिसते. पण काडीने दाबली की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांचे चकचकीत तुकडे दिसतात. आणि रात्री छपरावर धपधप जड पावलं वाजत असतील तर तो बहुधा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. त्याच्या विष्ठेत फळांच्या अख्ख्या बिया असतात. तो संरक्षित वन्यप्राणी आहे, त्याला ना पिंजरा लावायचा ना विष. खात्री नसेल तर तुळईवर पिठाचा किंवा राखेचा पातळ थर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी ठसे सांगतात.

दुसरा मुद्दा डांबरगोळ्या. कौलारू छपरातून वारा सतत खेळतो, वास टिकतच नाही. उंदीर जाईल इतका दाट वास करायचा म्हटलं तर खाली झोपणाऱ्यांचं डोकं आधी धरेल, आणि जी-६-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात. शेजारी कणगी असेल तर तांदळालाही वास लागतो. पुदिन्याचं तेल, लाल तिखट, धूप यांचं तेच. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज भिंत आणि सामान ओलांडत नाही, आणि उंदीर त्याला लवकर सरावतात.

सिमेंट-पिठाचे गोळे दमट हवेत उंदराने तोंड लावण्याआधीच दगड होतात. त्यावर वेळ घालवू नका.

आता औषध, कारण सर्वांत घातक वाक्य हेच: "तहान लागून बाहेर मरतो." असं कुठलंही औषध नाही. ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के वड्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर साधारण चार ते सात दिवसांनी, अशक्त होऊन, आपल्या लपायच्या जागीच मरतो. म्हणजे तक्तपोशीच्या वर, हात पोचत नाही तिथे, आणि मग कितीतरी दिवस दुर्गंध. तो उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्यातही जातं. म्हणून वड्या घरात नकोत. वापरायच्याच तर बागेत, बंद पेटीत, मुलांच्या आणि गुरांच्या आवाक्याबाहेर. काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, त्याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी मिसळून तिचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. पुरेसा डोस न मिळालेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात धरत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते, तिलाही उतारा नाही. ही दोन्ही घरात आणूच नका. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. यातलं काहीही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न पाहता पाकिटासकट दवाखाना गाठा.

"तीन दिवसांत" हेही खोटं, आणि त्यामागचं कारण समजलं तर निम्मं काम झालं. हा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काल ठेवलेल्या चापाच्या बाजूने वळसा घालून जातो आणि आपण म्हणतो, चाप बिनकामाचा. म्हणून चाप खटका न चढवता, आमिष लावून तीन ते पाच रात्री तसाच ठेवा. आमिष रोज खाल्लं जाऊ लागलं की मग सगळे एकाच रात्री चढवा. एका घराला एक-दोन नव्हे, आठ-दहा चाप हवेत. आमिषाला भाजलेलं खोबरं, काजूगर किंवा सुकट. खटक्याला दोऱ्याने बांधा, नाहीतर ओढून नेतो. जागा जमिनीवरची नव्हे. तेलकट पट्ट्याजवळ, भिंतीच्या माथ्यावर, खटक्याची बाजू भिंतीकडे करून ठेवा आणि चाप तारेने वाशाला बांधा. पिंजऱ्यात धरलेला उंदीर वाडीबाहेर सोडणं म्हणजे शेजारच्या वाडीला पाठवणं.

मेसेजमध्ये जे नाहीच तेच खरं काम आहे: वळचण. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामधली, दर दोन वाशांमधली फट. उंदराला साधारण अर्धा इंच पुरतो. तिथे पाव इंची भोकांची वेल्डेड जाळी बसवा, खालची कड सिमेंटात आणि वरची वाशाला खिळ्यांनी. समुद्रालगत पातळ जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी खाऱ्या वाऱ्याने गंजते. महाग पडली तरी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. प्लॅस्टिकची जाळी आणि फोम तो कुरतडतो. सगळी फट सिमेंटाने लिंपू नका: वाशांची टोकं कोंडली की कुजतात आणि वाळवी लागते. पागोळीच्या रांगेत मंगलोरी कौलांखाली राहणारी भोकं आणि आढ्यावरच्या कौलांचा तडकलेला चुनाही पाहा. पावसाआधी कौलं उतरवून शाकारणी होते तेव्हाच हे करावं. पण आधी चाप, मग शेवटची फट. उलट केलं तर आतले उंदीर कोंडून मरतात. देशी नळीच्या कौलांच्या छपराला फटी मोजता येणार नाहीत इतक्या. तिथे धान्याची खोली तेवढी जाळीबंद करा आणि भात, आठळ्या, आमसुलं, सुके मासे पत्र्याच्या डब्यांत ठेवा.

छपरापासून फांद्या आणि झावळ्या किमान चार फूट दूर हव्यात. घरालगतच्या माडाला जमिनीपासून दोन मीटरवर ४० सेंटीमीटर रुंद पत्रा गुंडाळा. पण त्या माडाच्या झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत असतील तर पत्रा फुकट.

राहिलं "माळा झाडून घ्या". कोरडी केरसुणी फिरवली की लेंड्यांची धूळ नाकातोंडात जाते, आणि ओलसर मुतातले लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू हातापायांच्या चिरांतून शिरतात. रबरी हातमोजे, बूट आणि मास्क घाला. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि मग ओल्या फडक्याने पुसा. त्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि माळा साफ केला होता हे डॉक्टरांना आधी सांगा.